रायरांची नथ

घर दाखवायच्या आधी घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "पिस्टनाला तुमच्या तिकडे काय म्हणतात?"

मी बँकेच्या बदलीवर कऱ्हाडहून कुंभकोणमला आले होते. दोन बॅगा पायाशी, घामाने ओढणी गळ्याला चिकटलेली आणि जिभेवर तमिळचे मोजून चार शब्द, त्यातले दोन चुकीचे. शाखेतल्या शिपायाने "तुमच्याच भाषेचे लोक आहेत, रायर" असं सांगून मला रिक्षात बसवून दिलं होतं. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्या घरांना सगळे रायरच म्हणतात. 'राव'ला तमिळ मान लावला की रायर होतो. गावात रायर पुष्कळ होते, पण आमच्या गल्लीत नुसतं 'रायर' म्हटलं की भाजीवालासुद्धा याच दाराकडे बोट दाखवायचा.

"पिस्टन," मी म्हटलं.

"तें इंग्लिश. मराठींत काय?"

"मराठीतही पिस्टनच म्हणतात."

त्यांचा चेहरा पडला. उंच, काटकुळा माणूस, कमरेला पांढरं वेष्टी, खांद्यावर पंचा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात. महाराष्ट्रातून थेट आलेलं माणूस दारात उभं राहिलं म्हणून डोळ्यांत जी आशा उजळली होती, ती विझली.

"तीनशें वर्षें तेथें बसून काय केलेंत मग तुम्ही लोक?"

"अहो, तिला आंत तरी येऊं द्या," आतून एक बाईचा आवाज आला. "भाड्यानं खोली पाहायला आली आहे ती, परीक्षेला नाही आली."

त्या काकू. काका आणि काकू म्हणायचं असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं, कारण त्या घरात दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

काकांचं म्हणणं पुढे मला हळूहळू कळत गेलं. त्यांच्या घरातलं मराठी महाराष्ट्रातून निघालं ते यंत्रं यायच्या आधी. "आम्ही आलों तेव्हां घोडा होता," ते म्हणायचे. "घोड्याचे अस्के, म्हणजे सगळे, शब्द आहेत आमच्याकडे. लगाम, रिकीब, खोगीर, तंग. एक पण हरवला नाही. फक्त घोडा नाही." घोड्याच्या जागी परसात एक जुनी मोटारसायकल होती. म्हणून हँडल म्हणजे लगाम, पाय ठेवायची जागा म्हणजे रिकीब, सीट म्हणजे खोगीर, आणि अख्खी गाडी म्हणजे घोडी. इथवर सगळं सुरळीत चालायचं. इंजिन उघडलं की पंचाईत व्हायची, कारण घोड्याच्या आत काय असतं ते कुणीच नाव ठेवण्याइतकं बघितलेलं नव्हतं.

मग त्यांनी स्वयंपाकघर आणि काकूंचा दागिन्यांचा डबा असे दोन्ही लुटले. सिलिंडर झाला हंडा. त्याच्या बुडाशी अंथरायचं गॅस्केट झालं पत्रावळ. पिस्टनभोवतीच्या तीन रिंगा झाल्या पाटल्या. पिस्टनला दांड्याशी जोडणारी आडवी पिन म्हणजे लाटणं, आणि ते लाटणं बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना जी छोटीशी स्प्रिंगची तार बसवतात, जिला बाकीचं जग सर्क्लिप म्हणतं, ती नथ. खालची बंद पेटी, ज्यात सगळं फिरतं, ते पोट. तमिळ शब्द चालायचे. "तमिळ शेजारीण आहे. वाटीभर साखर मागून आणली तर लाज नाही." इंग्लिश मात्र उंबऱ्याबाहेर.

नाव नव्हतं ते एकट्या पिस्टनला. मुसळ म्हणून बघितलं होतं, पण ते त्यांच्या मनाला येईना. "मुसळ कांडतें. हा कांडत नाही, हा ढकलतो," असं म्हणून ते पिस्टन हातात घेऊन बारशाला मूल घेतल्यासारखे उभे राहायचे.

एकदा जेवताना मला शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. पंपाची आकृती, आणि बाण काढून लिहिलेला शब्द. "काका, दट्ट्या!" मी म्हटलं. "आमच्या पुस्तकात दट्ट्या म्हणायचे."

काका हातातला सांबारभाताचा घास तसाच ठेवून उठले. दोनदा, तीनदा म्हणून बघितलं. दट्ट्या. दट्ट्या. "बेस आहे," ते म्हणाले. "ढकलल्यासारखाच वाटतो." त्या दिवसापासून मी त्या घरात भाडेकरू राहिले नाही. काकू मला वाढताना तुपाची धार थांबवायला विसरू लागल्या.

त्या शब्दाने पहिला बळी घेतला तो त्याच आठवड्यात. हंडा घासून मोठा करायला आणि त्याच्या मापाचा नवा पिस्टन जमवायला काका लेथवाल्याकडे गेले, आणि मला शब्दाची आई म्हणून बरोबर नेलं. लेथवाला नवा पिस्टन एका हातात धरून, दुसऱ्या हातात लाकडी हातोडा घेऊन काहीतरी विचार करत उभा होता. काकांना राहवलं नाही. त्यांनी आनंदाने बोट दाखवून त्याला नाव सांगितलं, "दट्ट्या!" आता तमिळमध्ये 'तट्टु' म्हणजे ठोक. गिऱ्हाईक म्हातारं, अनुभवी, एवढ्या खात्रीने ओरडतंय म्हटल्यावर त्याने ठोकला. नव्याकोऱ्या पिस्टनला एका बाजूने खळी पडली. काका ओरडले, "अय्यो, दट्ट्या!" त्याने आणखी एक ठोकला.

येताना रिक्षात काका पिस्टनच्या खळीवरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "शब्द चांगला आहे. घरांतच वापरूं."

काकांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. तिथे तारेतली खरखर ऐकून ते बिघाड कुठे आहे ते सांगायचे म्हणे. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, कान राहिले. त्या कानांना घोडीच्या पोटात सत्तम ऐकू यायचा. सत्तम म्हणजे तमिळमध्ये आवाज. इतर कुणाला तो ऐकू यायचा नाही. काका काकूंचा भाताचा लाकडी डाव घ्यायचे, एक टोक इंजिनाला लावायचे, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून बसायचे. मग "आहे" म्हणायचे, आणि इंजिन उघडायचे. दर थोड्या महिन्यांनी असं व्हायचं. आत काहीच सापडायचं नाही. ते सगळं पुसून पुन्हा बसवायचे, आणि घोडी फार तर शेजारच्या तिरुविडैमरुदूरपर्यंत जाऊन यायची तोच पुन्हा सत्तम.

काकू त्या घोडीवर शेवटच्या बसल्या होत्या त्या सुंदरपेरुमाळ कोयिलला एका मुंजीला जाताना. अर्ध्या वाटेवर, दोन्हीकडे भाताची खाचरं, काकांनी गाडी थांबवली आणि खाली वाकून ऐकायला लागले. काकू नऊवारी रेशमी लुगड्यात, उन्हात, हातात आहेराची पिशवी. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मागून बस आली. त्यांनी हात केला, बस थांबली, त्या चढल्या आणि गेल्या. काकांना ते कळलंच नाही. ते मुंजीला पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

"मग काय म्हणालात त्यांना?" मी काकूंना विचारलं.

"काय म्हणायचें? तेच मला म्हणाले, 'तूं कोठें उतरलीस?'"

आणि इंजिन बसवायचं ते मडीत. मडी म्हणजे सोवळं. काकांचा देवाधर्माशी संबंध प्रसादापुरता, पण हंडा उतरवायच्या दिवशी ते पहाटे विहिरीवर आंघोळ करायचे, धुतलेलं वेष्टी नेसायचे, आणि परसात सडा घालून त्यावर पांढरं पातळ अंथरायचे. कुणी शिवायचं नाही. एक कण धूळ आत गेली तर हंड्याला ओरखडा पडतो, आणि धूळ थांबवायला सोवळ्याइतकी पक्की पद्धत त्यांच्या माहितीत दुसरी नव्हती. "पिल्लैयाराला पारोशानं फूल वाहतात," काकू देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे बोट करून म्हणायच्या, "आणि लोखंडाला मडी."

यावेळी, दट्ट्याच्या त्या आठवड्यात, उघडलं तेव्हा मात्र काकूंनी डाव हातात घेऊनच सांगितलं. "हें शेवटचें. लेथवाल्याकडून आणून ह्या वेळीं काय बसवायचें तें बसवा. पण एकदां झांकलेंत कीं झांकलेंत. परत उघडलेंत, कीं पोटाला हात लावलात, तर दुसऱ्या दिवशीं मोडीत घालीन. लोखंडवाला रोज दारावरून जातो."

काकांनी शब्द दिला. ते शब्द पाळणारे होते, हीच अडचण होती.

मला तेव्हा हसू आलं होतं, पण एक गोष्ट मी तोवर ओळखली होती. मुलगा चेन्नईत, मुलगी आणखी लांब. दोघं फोनवर बापाशी तमिळमध्ये बोलत, नातवंडं इंग्लिशमध्ये. बाहेर दिवसभर तमिळ. काका मराठी बोलत ते काकूंशी, आणि काकूंशी बोलायचे विषय इतक्या वर्षांत संपत आलेले. परसात त्या घोडीपाशी मात्र ते तासन्‌तास बोलायचे. "ये गो पाटले, फीर. तूं का रुसलीस?" घोडी मोडीत गेली असती तर ते सगळे शब्द कशाला लावायचे हा प्रश्न होता, आणि तो त्यांच्यासाठी थट्टेचा नव्हता. मला त्यांची फार माया वाटायची, हे इथे सांगूनच टाकते.

रविवार होता. मी आंघोळ करून, केस घट्ट बांधून पांढऱ्या पातळाच्या कडेला बसले होते. दुसरा, खळी नसलेला पिस्टन आला होता. काकांनी तिन्ही पाटल्या चढवल्या आणि त्यांची तोंडं तीन दिशांना फिरवली. "तिघी जावा आहेत ह्या. तोंडाला तोंड लागलें कीं घर गळतें. एकीनं उत्तरेला पाहायचें, एकीनं..." प्रत्येक रिंगेला एक फट असते आणि फटी एकाखाली एक आल्या तर तेल आणि धूर तिथून वाट काढतात, हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं पक्कं समजावलं नसतं.

मग पिस्टन दांड्यावर ठेवला, लाटणं सरकवलं, एका बाजूची नथ बसली. खाली पोटाचं तोंड उघडं असतं, त्यात काही पडू नये म्हणून फडकं कोंबायचं असतं. ते कोंबलेलं होतं. पण काकांना त्या फडक्याचा एक धागा सुटलेला दिसला. मडीत सुटलेला धागा! त्यांनी फडकं उपसून फेकलं, मला "दुसरें आण" म्हणून सांगितलं, आणि मी उठते न उठते तोच "एवढ्यांत होईल" म्हणून चिमट्याने दुसरी नथ बसवायला घेतली.

चिमटा सटकला. नथ उडाली.

ज्या कानांना साऱ्या गावाला न ऐकू येणारा सत्तम ऐकू यायचा, ते कान त्या एका क्षणी उपयोगाचे होते. दगडावर पडली तर टिंग, मातीत पडली तर काहीच नाही, पोटात पडली तर आणखी वेगळं. आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या दारात फुलवाली ओरडली, "पूऽऽऽ!"

काका तसेच बसून राहिले. नव्या नथा पुडीत आणखी होत्या, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की उडालेली पोटात आहे की बाहेर. बाहेर असेल तर काही बिघडलं नाही. पोटात असेल आणि गाडी तशीच सुरू केली तर सगळ्याचा चुरा. आणि आत बघायला पोट पुरतं खोललं तर दिलेला शब्द मोडला, घोडी मोडीत. आत लोहचुंबक सोडून बघावं तर आत सगळं लोखंडच, तो कुठेही चिकटायचा.

मग काका ओरडले. "नथ! अगो, नथ पडली! नथ!"

आता तमिळमध्येही नाकातल्या दागिन्याला 'नत्तु' म्हणतात. आणि काकूंची हिऱ्यांची नथ, चमकीसारखी मागे फिरकी असलेली, त्यांच्या आईकडून आलेली, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. समोरच्या मामी गच्चीच्या कठड्यावरून ओरडल्या, "अय्यो! रायर मामीचा नत्तु गेला!" फुलवालीने टोपली खाली ठेवली. शेजारच्या दोघी आल्या, रिक्षावाला आला, कुणीतरी कुणाला तरी फोन केला. सोवळ्याच्या पांढऱ्या पातळावर माणसं उभी राहिली.

काकांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मी बघत होते. मग त्यांनी सभोवार बघितलं. माणसं आधीच वाकली होती. नारळाच्या सोडणांचा ढीग एकेक करून हलवला जात होता, रिक्षावाला मोरीच्या जाळीत हात घालत होता, समोरच्या मामी पिठाच्या चाळणीने माती चाळत होत्या. काकांनी तोंड मिटलं.

स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या. त्यांनी हा सगळा देखावा पाहिला, काकांकडे पाहिलं, पोटाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, आणि आत गेल्या. झालं, लोखंडवाल्याला फोन करायला गेल्या, असं मला वाटलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. नाकावर पदर होता. समोरच्या मामींनी त्यांना जवळ घेतलं तेव्हा पदर सरकला. नाक मोकळं होतं. मला क्षणभर वाटलं, खरंच गेली की काय!

काका तोवर दोरीला लोहचुंबक बांधून परसभर फिरवत होते. रिक्षावाल्याने विचारलं, "रायरे, सोन्याला लोहचुंबक कशाला?"

"तंजावूर सोनं," काका म्हणाले. "जुनं." त्याने मान डोलावली.

बराच वेळ गेला. सगळं परस पालथं झालं. फुलवाली कंबर धरून उठली आणि तमिळमध्ये म्हणाली, "नत्तु काही नाही मामी. तुळशीपाशी एक वाकडी तार तेवढी सापडली होती. कुणाच्या पायात जाईल म्हणून केव्हाच मागच्या कालव्यात टाकली."

काका थबकले. "कसली तार?"

"तार हो. एवढीशी. अर्ध्या बांगडीसारखी."

"टोकाला कान होते? दोन बारीक कान?"

"होते."

काकांनी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, फुलवालीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती किंचाळून मागे सरली. मग ते उठून परसात नाचायला लागले. हिरे गेल्याचा धक्का म्हाताऱ्याला सोसला नाही, असं म्हणून रिक्षावाला पाणी आणायला धावला. पोटात काही नव्हतं. नथ कालव्यात होती, आणि कालव्याइतकी चांगली जागा तिच्यासाठी जगात दुसरी नव्हती.

"सापडली, सापडली," काकू तमिळमध्ये म्हणत उठल्या. "आठवलं मला. न्हाणीच्या कोनाड्यात ठेवली आहे. बसा सगळे, कॉफी करते." मामींनी पिल्लैयाराला हात जोडले.

मी कॉफीचे पेले घ्यायला आत गेले तेव्हा काकू भिंतीवरच्या आरशासमोर उभ्या होत्या. नथेची मागची फिरकी बसत नव्हती. इतक्या वर्षांत ती काढलीच नव्हती बहुतेक. नाकाची बाजू लाल झाली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुम्ही काढलीत?" मी विचारलं.

"हळ्ळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "नवरा असतां काढूं नये, ठाऊक आहे मला. पण पोरी, हिऱ्याला लोक वाकतात. तारेला कोण वाकतो? माझ्या नाकांत पाहिली असती तर अस्के उठून घरीं गेले असते."

मी फिरकी धरून बसवून दिली.

"त्यांला सांगूं नको," त्या म्हणाल्या. "आणि लोखंडवाल्याचें तें मी खरेंच म्हटलें आहे. तें तसेंच आहे."

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून लवकर आले. पत्रावळ अंथरली होती. मी बोटांनी पाटल्या दाबून धरल्या, काकांनी हंडा वरून हळूहळू उतरवला, आणि तिघी जावा न भांडता एकामागून एक आत गेल्या. वरचं सगळं बसेपर्यंत उन्हं कलली. काकांनी पाय मारला. पुन्हा मारला. घोडीने निळसर धूर सोडला आणि सुरू झाली.

काकू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

काका वाकले. डाव मागितला नाही, नुसता कान नेला. त्यांच्या सोबत राहून माझेही कान बिघडले होते. इंजिनाच्या ठेक्याच्या खाली, अगदी तळाशी, मला ऐकू आलं. टक. टक. टक. काकांची मान ताठ झालेली मी पाहिली. काकूंनीही पाहिली.

"काय?" काकू म्हणाल्या. आवाज कडक होता, पण हाताने पदराचं टोक पिळत होत्या. "सत्तम आहे?"

काका सरळ झाले. काकूंकडे बघत राहिले. त्यांच्या नाकाची बाजू अजून सुजलेली होती. काकांना किती कळलं होतं, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

"नाही," काका म्हणाले. "कांही सत्तम नाही."

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही कानांवरून गच्च गुंडाळला, हनुवटीखाली गाठ मारली, आणि घोडीवर बसले.